हातमोज्यांना चढ कसा कळतो

लेकीने दिलेल्या हातमोज्यांत नेमकी काय चूक आहे, हे ओळंबेसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर सविस्तर समजावून सांगितलं, आणि लेक "बरं" म्हणाली.

ओळंबेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते शहराच्या बांधकाम विभागात इमारत तपासनीस होते. नव्या इमारतीच्या भिंती सरळ उभ्या आहेत की नाहीत, खोल्यांच्या फरश्या सपाट आहेत की नाहीत, न्हाणीघरातलं पाणी जाळीकडे जातं की दाराकडे, हे पाहून सही करणं किंवा न करणं हे त्यांचं काम. भिंतीला ओळंबा लावून पाहिल्याशिवाय ते कंत्राटदाराशी हवापाण्याचंही बोलत नसत, म्हणून हे नाव पडलं. नव्याने आलेली माणसं ते आडनावच समजत. त्यांच्या खिशात कायम एक काचेची गोटी असे. ती न्हाणीघराच्या फरशीवर ठेवायची, आणि ती आपणहून जाळीपर्यंत गेली नाही तर फरशी उखडायला लावायची, असा त्यांचा शिरस्ता. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरचे फोटो सरळ करत आणि मग बसत. बायको सांगे, "पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी कपाटाकडे बघितलं. आणि त्याच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला."

हातमोजे लेकीने आणले होते. महिनाअखेरीला ती दूरच्या गावी नव्या नोकरीवर जाणार होती. सामान बांधायला घेण्याआधी एका संध्याकाळी तिने एक पाकीट बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं. आत सायकल चालवताना घालायचे, अर्ध्या बोटांचे, तळहाताला मऊ गादी असलेले हातमोजे होते.

"बाबा, मी जायच्या आधी आपण दोघं सायकलने दीपगृहापर्यंत जाऊ या. एक मुक्काम करू. येशील?"

लहानपणी ती त्यांच्या सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसून शाळेत जायची. मग तिची स्वतःची सायकल आली, मैत्रिणी आल्या, नोकरी आली, आणि बाबांना बरोबर घेण्याचं काही कारण उरलं नाही. ओळंबेसाहेबांना इतका आनंद झाला, की त्यांनी ते पाकीट उचलून टेबलाच्या कडेशी समांतर ठेवलं. त्यांच्या बाबतीत हे डोळे भरून येण्यासारखंच होतं.

दुसऱ्याच दिवसापासून तयारी सुरू झाली. साखळीला तेल, ब्रेकला नवे रबर, चाकांत नेमकी हवा. सगळ्यात शेवटी त्यांनी सीट हाती घेतली. अंगणात नेहमीच्या जागी, घराच्या दाराकडे तोंड करून सायकल भिंतीला टेकवली, सीटवर पाणसळ ठेवली, आणि तिच्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये येईपर्यंत बोल्ट सैल-घट्ट करत राहिले.

"बहुतेक लोक सीट अंदाजाने बसवतात," ते बायकोला म्हणाले.

"बहुतेक लोक अंदाजानेच बसतात," बायको म्हणाली. तिचं औषधांचं दुकान होतं, आणि काउंटरच्या पलीकडून तिने पुष्कळ लोक पाहिले होते.

मग रोज सकाळी जुन्या पुलापर्यंत सराव सुरू झाला. पहिल्याच सकाळी परतताना ओळंबेसाहेबांच्या दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि अनामिका बधिर झाल्या. दुसऱ्या दिवशी मुंग्या आल्या त्या ऑफिसात पोचेपर्यंत गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शर्टाचं वरचं बटण बायकोला लावून द्यावं लागलं. साखळी नवीन तेलातली, हवा मोजलेली, सीट पाणसळीवर तोललेली. सायकलमध्ये तपासायचं काही शिल्लक नव्हतं. तेव्हा राहिले हातमोजे.

म्हणून त्या रात्री त्यांनी मीठदाणी, दोन चमचे आणि पाण्याचा पेला यांच्या मदतीने तळहाताची रचना मांडली. करंगळीकडे जाणारी नस इथून जाते, म्हणजे मीठदाणीपासून पेल्यापर्यंत, आणि या हातमोज्यांची गादी आहे ती चमच्यांपाशी. वस्तू वाईट नाही, शिवण उत्तम आहे, पण गादी चुकीच्या जागी आहे. लांबच्या प्रवासाला हे चालणार नाहीत. लेक "बरं" म्हणाली आणि पेला उचलून पाणी प्यायली. बायकोने एकदा लेकीकडे पाहिलं. ओळंबेसाहेब पेला परत नसेच्या टोकाला ठेवला जाण्याची वाट पाहत होते.

सायकलच्या दुकानात काउंटरवर एक सुटं हँडल बसवलेलं होतं. गिऱ्हाइकं हातमोजे घालून ते क्षणभर पकडत आणि सोडत. ओळंबेसाहेबांनी ते पकडलं आणि सोडलंच नाही. दुकानातल्या विक्रेत्या बाईने मध्ये दोन गिऱ्हाइकं केली, एका मुलीला घंटी विकली, हिशेबाचं यंत्र बंद करून चालू केलं.

"काका, कुठपर्यंत पोचलात?" तिने शेवटी विचारलं.

"अजून पुलाच्या अलीकडेच आहे."

त्यांना गादी दाबली तर किती दबते आणि सोडली तर किती परत येते हे हवं होतं. बाई म्हणाली, मऊ आहे. किती मऊ, असं त्यांनी विचारलं. तिने हातमोजा आपल्या गालाला लावून पाहिला आणि म्हणाली, "पुरेसा." या उत्तरावर त्यांनी जेलवाली जोडी घेतली, कारण तिसरं गिऱ्हाईक मागे उभं होतं.

जेलच्या हातमोज्यांनी मुंग्या पुलाच्या अलीकडेच यायला लागल्या. म्हणजे गादी कमी पडते. ते परत गेले आणि दुकानातली सगळ्यात जाड जोडी घेऊन आले. ती घातली की हात स्वतःचे वाटत नसत, कुणीतरी वापरायला दिल्यासारखे वाटत. त्यातून ब्रेक कुठे आहे ते कळत नसे. रस्त्याच्या कडेला एका बागेचं कुंपण होतं, मेंदीसारखं दाट, नीट कापलेलं. या जोडीच्या पहिल्याच सकाळी समोरून कुत्रं आलं, ओळंबेसाहेबांनी ब्रेक दाबला असं त्यांना वाटलं, प्रत्यक्षात घंटी दाबली गेली होती, आणि ते घंटी वाजवत कुंपणात शिरले. बाहेर आल्यावर त्यांनी आधी कुंपणाची विस्कटलेली कड हाताने सरळ केली.

तरी या जोडीत त्यांना एक गुण दिसला, आणि तो त्यांनी घरी आल्यावर बायकोला सांगितला. कधी टेकडीच्या रस्त्याने वळसा घेतला, तर तिच्या चढावर हात अजिबात बधिर होत नाहीत. आधीच्या दोन्ही जोड्यांतही चढावर ठीक असायचं, हे आता त्यांच्या लक्षात आलं.

"एकंदरीत हे हातमोजे चढावर उत्तम काम देतात," ते म्हणाले. "सपाटीवर नाही."

बायको त्यांच्या बाहीला अडकलेली पानं काढत होती. "हातमोज्यांना कसं कळतं, चढ आहे ते?"

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं होतं. पण ओळंबेसाहेबांना प्रश्न विचारायची सवय होती, ऐकायची नव्हती. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं: चढावर वेग कमी, म्हणून रस्त्याचे हादरे कमी. म्हणजे खरा शत्रू हादरा. म्हणजे जी जोडी हादरे सगळ्यात जास्त शोषेल ती योग्य. सगळं एकामागून एक असं चपखल बसत गेलं, की बायकोचा प्रश्न जागच्या जागी राहिला.

दरम्यान बोटांची बातमी घराबाहेर गेली. एका नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर न्हाणीघर तपासताना ओळंबेसाहेबांनी खिशातून गोटी काढली आणि ती बधिर बोटांतून निसटली. फरशीवर पडून ती दाराबाहेर गेली, जिन्यावर आली आणि एकेक पायरी टणटण उतरत खाली निघाली. कंत्राटदार मागे धावला, त्याच्या मागे गवंडी धावला, आणि तळमजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, "पास की नापास?" ऑफिसात संध्याकाळपर्यंत एवढंच पोचलं, की ओळंबेसाहेबांच्या हातून वस्तू पडतात. दुसऱ्या दिवशी त्याचं "हात थरथरतो" झालं. तिसऱ्या दिवशी एक सहकारी पाठदुखीसाठी ओळंबेसाहेबांच्या मेहुणीच्या दवाखान्यात गेला. ती फिजिओथेरपिस्ट होती. पालथं पडल्या पडल्या त्याने हळहळ व्यक्त केली.

त्याच संध्याकाळी मेहुणी घरी आली. चहाच्या आधी तिने भाऊजींचे दोन्ही पंजे टेबलावर उलटे ठेवायला लावले, प्रत्येक बोट टोचून पाहिलं, आणि त्यांना मुठीत धरायचा रबरी चेंडू दिला. तो दिवसातून तीनदा दाबायचा.

"आणि दीपगृहाचं विसरा," ती म्हणाली. "वाटेत घाट आहे. उतारावर ब्रेक धरता आला नाही तर दीपगृहाच्या आधीच समुद्र लागेल तुम्हाला."

"हातमोजे मिळाले की सगळं ठीक होईल."

"भाऊजी, किती जोड्या झाल्या?"

बायकोने तीन बोटं दाखवली.

शेवटी ठरलं ते असं: रविवारी सकाळी तिघांनी धरणापर्यंत जायचं. धरणावर मेहुणी एक खडा जमिनीवर ठेवणार आणि ओळंबेसाहेबांनी तो फक्त करंगळी आणि अनामिकेने उचलायचा. उचलला तर त्यांनी पुढच्या आठवड्यात लेकीबरोबर जायचं. नाही उचलला तर त्यांच्या जागी मेहुणी जाणार. तिची सायकल तयार होती, रजा मिळण्यासारखी होती, आणि भाचीवर तिचा जीव होता. ती हे सगळं हसत हसत म्हणाली, पण सायकलला मागे बांधायची पिशवी तिने येतानाच विकत घेतली होती.

लेक इतका वेळ खिडकीत बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "मावशी, खडा फार बारीक नको घेऊस."

ओळंबेसाहेबांना ते वाक्य बोचलं. आपण हरावं असं लेकीला वाटत नाही, हे बरं. पण आपण जिंकू असंही तिला वाटत नाही.

शनिवारी बायको दुकानात होती. लेक आतल्या खोलीत पुस्तकं खोक्यात भरत होती. अंगणात दार उघडणाऱ्या धुण्याच्या खोलीत ओळंबेसाहेबांनी प्रयोग मांडला. रस्त्याचा हादरा घरात मिळण्याचं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे कपडे पिळतानाचं वॉशिंग मशीन. त्यांनी केरसुणीचा दांडा मशीनवर आडवा बांधला. समोर स्टूल ठेवलं. प्रत्येक जोडी घालून, दांडा धरून, बोटं बधिर व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचं होतं. कपडे कमी असल्यामुळे हादरा गुळगुळीत येत होता. खडबडीत रस्ता मिळावा म्हणून त्यांनी आत दारातलं काथ्याचं पायपुसणं टाकलं.

जेलची जोडी झाली. जाड जोडी झाली. मग त्यांनी जेलवर जाड चढवली आणि दोन्हींच्या मध्ये भांडी घासायचे नवे स्पंज सरकवले. ही योजना त्यांना सकाळी दाढी करताना सुचली होती. आता तळहात उशीसारखे झाले होते आणि हादरा जवळजवळ जाणवत नव्हता. ओळंबेसाहेबांचा चेहरा उजळला. त्याच सुमारास पायपुसणं भिजून एका बाजूला गोळा झालं, आणि मशीन चालू लागलं.

म्हणजे अक्षरशः चालू लागलं. आधी जागच्या जागी डुललं, मग एक पाऊल पुढे आलं, मग दुसरं. दांडा धरलेले ओळंबेसाहेब स्टुलासकट मागे सरकले. भिंतीतला पाण्याचा पाइप ताणला गेला आणि निसटला. त्यांनी प्रसंगावधान राखून बंद करायचं बटण दाबलं. पण त्यांच्या प्रत्येक हातावर दोन हातमोजे आणि एक स्पंज होता, आणि बटण वाटाण्याएवढं होतं. बटण दाबायला गेले की शेजारची दोन दाबली जात. मशीनने कपडे पिळणं थांबवून नव्याने पाणी भरायला घेतलं.

"अगं, जरा येतेस का?" त्यांनी शक्य तितक्या साध्या आवाजात हाक मारली.

लेक आली, दारातूनच दृश्य पाहिलं, पाण्यातून चालत जाऊन एका बोटाने मशीन बंद केलं आणि नळ फिरवला. हसू दाबताना तिचे खांदे मात्र हलत होते.

साबणाचं पाणी उंबऱ्यावरून अंगणात उतरलं होतं. नेमकी तेव्हाच बायको फाटकातून आत आली, आणि फेसाचा एक लोट तिच्या चपलांजवळून जाऊन कोपऱ्यातल्या जाळीत शिरला.

"अहो, हे काय आता?"

ओळंबेसाहेब उशीचे हात घेऊन पायरीवर उभे होते. अशा वेळी माणूस जे हाताशी असेल त्याचा आधार घेतो. त्यांना अभिमान वाटण्यासारखी एकच गोष्ट समोर होती.

"ते सोड. पाणी बघ कसं गेलं. एक थेंब साचला नाही." त्यांनी स्पंजाने जाळीकडे बोट दाखवलं, निदान दाखवण्याचा प्रयत्न केला. "तेव्हा गवंडी काय म्हणत होता, आठवतंय? साहेब, एवढा उतार नको, पाण्याबरोबर माणसंही वाहतील. दोनदा उखडायला लावलं मी त्याला. म्हटलं, दारापासून फाटकापर्यंत असा उतार पाहिजे की—"

वाक्य तिथेच राहिलं.

फेसाचा शेवटचा पट्टा अंगणातून चालला होता. भिंतीला टेकवलेल्या सायकलपाशी तो पोचला. आधी पुढच्या चाकाखालून गेला. मग, जराही न रेंगाळता, मागच्या चाकाखालून. मग जाळीत.

ओळंबेसाहेबांनी दातांनी हातमोजे ओढून काढले. एक स्पंज पायरीवर पडला. ते सायकलपाशी गेले, वाकले आणि खिशातून गोटी काढली. ती खाली ठेवायचीही गरज पडली नाही, बोटं अजून बधिरच होती. गोटी निसटली, सायकलच्या बरोबर खालून वेग घेत गेली आणि जाळीच्या दांड्यांवर टक्क करून थांबली. इतक्या वर्षांत त्यांनी शहरातल्या प्रत्येक न्हाणीघरात ती सोडली होती. स्वतःच्या अंगणात सोडायचं कधी मनात आलं नव्हतं. आपलं काम आपणच करून घेतलेलं, त्यात तपासायचं काय.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. गोटी गेली."

बायको आत फडकं आणायला गेली. ओळंबेसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सायकल उचलून बैठकीच्या खोलीत नेली. त्या खोलीची फरशी सपाट होती, याबद्दल ते कुणापुढेही शपथ घेऊ शकत होते. तरी त्यांनी आधी पाणसळ फरशीवर ठेवून पाहिली. मग सीटवर ठेवली. बुडबुडा सीटच्या मागच्या टोकाला जाऊन चिकटला.

म्हणजे ते चढावर उभ्या असलेल्या सायकलची सीट सपाट करून बसले होते. सायकल सपाट रस्त्यावर आली, की सीटचं नाक खाली. मग बसणारा माणूस सारखा पुढे घसरणार, आणि आपलं सगळं वजन दोन तळहातांवर तोलून धरणार. चढावर सीट पुन्हा सपाट, हात मोकळे. हातमोज्यांना चढ कळत नव्हता. कळत होता तो सीटला.

त्यांनी किल्लीने बोल्ट फिरवला, बुडबुडा मध्ये आणला, आणि ओल्या चाकांचे दोन पट्टे फरशीवरून पुसून काढले. कुणालाही काही सांगितलं नाही. पडताळणी झाल्याशिवाय निष्कर्ष सांगायचा नसतो, असं त्यांनी स्वतःला बजावलं. हे तत्त्व म्हणून चांगलंच आहे. पण गेल्या महिन्यात त्यांनी एका कंत्राटदाराला सगळ्या कामगारांसमोर "तुम्हाला उतार म्हणजे काय ते माहीत आहे का?" असं विचारलं होतं, आणि ते वाक्य त्यांना फरशी पुसताना सारखं आठवत होतं.

रविवारी सकाळी फाटकाशी मेहुणी आणि लेक तयार होत्या. मेहुणीच्या सायकलला नवी पिशवी बांधलेली होती, सवय व्हावी म्हणून. जेलचे आणि जाड हातमोजे दोरीवर वाळत होते. साबणाच्या पाण्याने ते सुकलेल्या बोंबलासारखे वाकले होते. ओळंबेसाहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातांत लेकीने दिलेले हातमोजे होते.

लेकीने ते पाहिले. "बाबा, त्यांची गादी चुकीच्या जागी आहे ना?"

"बाकीचे ओले आहेत," ओळंबेसाहेब म्हणाले.

"बरं," लेक म्हणाली, आणि पुढे निघाली.

या वेळी ते "बरं" त्यांना ऐकू आलं. आधीचंही, आठवड्यांच्या अंतरावरून, तेव्हाच ऐकू आलं.

रस्ता धरणापर्यंत जवळजवळ सपाट होता. जुना पूल आला आणि मागे गेला. ओळंबेसाहेब बोटं एकेक करून हलवत होते. सगळी जागेवर होती, सगळी त्यांचीच होती. बागेच्या कुंपणापाशी कुत्रं आडवं आलं, तेव्हा ब्रेकच दाबला गेला. मेहुणी दर थोड्या वेळाने वळून विचारत होती, "मुंग्या?" आणि ते मान हलवत होते. चौथ्यांदा विचारलं तेव्हा तिच्या आवाजात काळजीपेक्षा निराशाच जास्त होती.

धरणाच्या भिंतीवर तिने खडा ठेवला. फार बारीक नव्हता. ओळंबेसाहेबांनी हातमोजा काढला, करंगळी आणि अनामिकेच्या चिमटीत खडा धरला, उचलला, आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग मेहुणीच्या तळहातावर ठेवला.

"बघा," मेहुणी म्हणाली. "चेंडूचा गुण आला की नाही?"

इथे त्यांना गप्प बसता आलं असतं. चेंडूला श्रेय गेलं असतं, मेहुणी खूश झाली असती, अंगणाचा उतार अंगणात राहिला असता. ओळंबेसाहेबांनी लेकीकडे पाहिलं. ती पाण्याकडे बघत बाटलीचं झाकण लावत होती. मग त्यांनी सगळं सांगितलं: पाणसळ कुठे ठेवली, अंगण कसं उतरतं, ते तसं कुणी करून घेतलं, फेस कुठून कुठे गेला. काही वगळलं नाही. गवंड्याचं वाक्यही सांगितलं.

मेहुणी शांतपणे ऐकून घेत होती. शेवटी तिने मान हलवली. "भाऊजी, माझ्या व्यायामाला श्रेय द्यायचं नाही तर नका देऊ. पण तुम्ही, आणि उतार चुकाल? हे कुणाला तरी पटेल का?"

"चेंडू मी एकदाही दाबला नाही."

"नुसता खिशात असला तरी फरक पडतो," मेहुणी म्हणाली, आणि सायकलवरची पिशवी सोडायला लागली.

ओळंबेसाहेबांनी जन्मभर लोकांना खरं बोलायला लावलं होतं. खरं बोलूनही विश्वास बसत नाही, हा अनुभव त्यांना नवा होता. ते हातमोजा परत घालू लागले. लेक जवळ आली आणि तिने मनगटाचा पट्टा लावून दिला. आता बोटं ठीक होती, त्यांना स्वतःलाही तो लावता आला असता.

"म्हणजे हे पहिल्या दिवसापासून बरोबर होते," ती म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून. शिवणही उत्तम आहे."

"शिवणीचं तू तेव्हाच म्हणाला होतास."

पुढच्या आठवड्यात ती दोघं दीपगृहाला गेली. घाटात लेक पुढे होती आणि बाबा मागून हाका मारून तिला खड्डे सांगत होते, जे तिला त्यांच्या आधी दिसत होते. मुक्कामाची खोली समुद्राच्या अंगाला होती: दोन खाटा, एक टेबल, आणि भिंतीवर दीपगृहाचा एक मोठा फोटो. फोटो वाकडा होता. उजवी बाजू स्पष्ट खाली होती.

लेकीने चहा मागवला. चहा येईपर्यंत ओळंबेसाहेबांनी फोटोकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. मग न राहवून उठले आणि चौकटीला हात घालणार, एवढ्यात मागे टक्क असा आवाज झाला.

लेकीने जमिनीवर काचेची गोटी ठेवली होती. जाळीवरून तिने ती त्याच शनिवारी उचलून धुऊन ठेवली होती. गोटी क्षणभर थांबली, मग फोटोखालच्या भिंतीला समांतर अशी डावीकडे निघाली, वेग घेतला, आणि खाटेखाली जाऊन कोपऱ्यात थडकली.

ओळंबेसाहेबांचा हात चौकटीवरून खाली आला. ते टेबलापाशी आले. टेबलावर तेवढ्यात आलेले चहाचे कप होते. त्यांनी एका कपाकडे वाकून, एक डोळा मिटून पाहिलं. चहा कपात एका बाजूला जास्त भरल्यासारखा दिसत होता. मग तसंच वाकलेल्या अवस्थेत त्यांनी चहाच्या रेघेवरून फोटोच्या खालच्या कडेकडे पाहिलं. दोन्ही रेघा एकमेकींना समांतर होत्या.

"मग?" लेकीने विचारलं.

"फोटो सरळ आहे," ओळंबेसाहेब म्हणाले. "खोली वाकडी आहे."

"तक्रार करायची?"

त्यांनी जरा विचार केला. बाहेर दीपगृहाचा दिवा लागला होता.

"नको," ते म्हणाले आणि तिच्या समोर बसले. "आता बसलोय नीट. तू चहा घे, सांडेल नाहीतर."